रुसव्याचा अभ्यास

॥ श्री शंकर प्रसन्न ॥

जठारपेठ, अकोला
ज्येष्ठ वद्य पंचमी, शके १८८४

सौ. विहीणबाई मनकर्णाबाई यांचे सेवेशी,

इंदूबाईचा पदर पसरून नमस्कार. इकडे महादेवाच्या कृपेने सर्व ठीक आहे. तुमचा गुडघा कसा आहे? एरंडेल कोमट करून चोळता की तसेच? व्याहीबुवांचा खोकला गेला असेल. जावईबापू मागे बाजाराला आले होते, ते सांगत होते की तुमचा चष्मा फुटल्यापासून आलेले पत्र सुभद्राच तुम्हाला वाचून दाखवते. मुलीला मोठ्याने वाचायची सवय शाळेपासूनच आहे, तिचा कुठेतरी उपयोग झाला म्हणायचा. तुमचे कार्ड पोचले. त्यात 'आखाडीचे पुढे पाहू' एवढाच मजकूर होता आणि बाकीचे कार्ड कोरे होते. (कोरे राहिलेले कार्ड पाहून मला हळहळ वाटली, तेवढ्या जागेत गाईचे, पापडांचे, शेजारणीचे सगळे मावले असते.) नव्या लेकीची पहिली आखाडी, आषाढी पौर्णिमेचा सण, माहेरी व्हावा असे आपल्या वऱ्हाडात सगळेच म्हणतात, आणि मांडवपरतणीनंतर सुभद्राने जठारपेठेचा रस्ता पाहिलेला नाही. पण मी आग्रह करणार नाही. माघातल्या लग्नात तुम्ही भरल्या पानावरून उठून बिऱ्हाडी गेलात ते कशामुळे, हेही मी विचारणार नाही. मी नुसती इकडची बातमी कळवते. पाकीट जड होऊ नये म्हणून अक्षर बारीक काढले आहे आणि समासही सोडलेला नाही, त्याबद्दल माफी असावी.

बातमी अशी की तुमची विहीण या वयात नाटकाची विद्यार्थिनी झाली. यात माझ्यापेक्षा भजनी मंडळाचा दोष जास्त. देवळाचे सभागृह आम्ही भजनासाठी आखाडीपर्यंत भाडे भरून घेतले होते. आमचे बुवा पुतण्याच्या लग्नाला म्हणून गावी गेले ते तिकडेच रमले. भाडे भरलेली जागा रिकामी पडू द्यायची हे माझ्याने होत नाही, म्हणून मी एकटीच जपाची माळ घेऊन तिथे बसू लागले. पंचांनी मात्र आम्हाला न विचारता तीच वेळ महिला समाजाच्या नाट्यवर्गाला दिली. मी कोपऱ्यात डोळे मिटून जप करत होते. डोळे उघडले तेव्हा बायका गोल करून बसल्या होत्या, आणि हजेरीत माझे नाव चढले होते. उठून जावे तर जागा आमची. बसले.

शिकवणारे देवमन सर अमरावतीला शाळेत मास्तर आहेत. नाटकाचे शिक्षण घेतलेले आहेत, सुट्टीत इकडे बहिणीकडे आले आहेत. मला वाटले, पुस्तक वाटतील, आपण पाठ करू, मॅट्रिकला एवढे पाठ केले तर हे काय. सर म्हणाले, पुस्तक नाही. एक विषय घ्यायचा, लोकांत जाऊन पाहायचे, विचारायचे, लिहून आणायचे, आणि मग सगळ्यांनी मिळून नाटक उभे करायचे. याला संशोधन म्हणतात. आमच्या वर्गात गंगूबाई आहे, कंपाउंडरची बायको, तिचा आवाज पुलापलीकडे ऐकू जातो. तिने विचारले, "अन् मंग सर, तुमी कायले हाये?" सर नुसते हसले. मनुष्य गरीब आहे.

विषय निवडायला त्यांनी प्रत्येकीला लग्नातली ठळक आठवण विचारली. एकीनेही हार सांगितला नाही की मंगलाष्टक सांगितले नाही. सगळ्यांनी रुसवाच सांगितला. कोणाची सासू रुसली, कोणाची आतेसासू, एकीचा तर आचारीच रुसला. (मी गप्प होते. का ते तुम्हाला ठाऊक आहे.) सरांना मोठे नवल वाटले. ते बौद्ध आहेत, त्यांच्याकडे आता वंदना होते, हार घालतात, लग्न लागते. ते म्हणाले, "आमची माय अजून म्हणते, तुमी लग्न सुधरवलं ते बरं केलं, पण रुसाले जागाच ठेवली नाही." तर नाटकाचे नाव ठरले 'रुसवा' आणि शोधायचे काय, तर माणूस रुसतो तो खरा कशासाठी.

माझे अक्षर बरे आणि टिपणाची सवय, म्हणून लिहायचे काम माझ्याकडे आले. मी, गंगूबाई आणि जमुना (ही शिवणकाम करते, बोलत नाही, पण टक लावून बघते) अशा तिघी घरोघर फिरलो. एक अनुभव मला मोठा गमतीचा वाटला. रुसलेल्या बायकांना आपली समजूत घालायला कोण कोण आले, कोणाचा फेटा सुटला, कोणत्या रंगाचे लुगडे मिळाले, हे वीस-वीस वर्षांचे तोंडपाठ. पण कशासाठी रुसलात म्हटले की त्या चहा टाकायला उठत. एका आजीने तर मलाच विचारले, "कायच्यासाठी रुसली होती वं मी? तुले काई मालूम हाये का?"

मग सर म्हणाले, आता प्रत्यक्ष पाहा. जुन्या शहरात नत्थुजी म्हणून दाळ गिरणीतले मुनीम आहेत, त्यांच्या मुलीचे लग्न होते. सरांची सक्त ताकीद होती की मांडवात एका बाजूला बसायचे, जेवायचे नाही, जेवलात की तुम्ही पाहुण्या झालात. माझा तर सोमवारच होता. आम्ही तिघी मोर्णा नदी ओलांडून गेलो आणि मांडवाच्या मेढीला टेकून बसलो. मी वही उघडली.

आता विहीणबाई, तुमच्यासारख्या जाणत्या बाईला पुढचे सांगायला नकोच. लग्नघरात तीन अनोळखी बायका बाजूला बसल्या आहेत, पंगतीला उठत नाहीत, आणि एक काहीतरी लिहून घेते आहे. वधूकडच्यांना वाटले, या नवरदेवाच्या मावश्या. वराकडच्यांना वाटले, या मुलीच्या माम्या. आधी एक पोर सरबत घेऊन आली. आम्ही नको म्हटले. मग नत्थुजींच्या घरच्या आल्या. मग नवरीचा भाऊ आला. मग स्वतः नत्थुजी फेटा सावरत, हात जोडून आले. "काई चुकलं असन त पदरात घ्या जी. लेकीचा बाप आहो मी."

मी म्हटले, नाही हो, आमचं काहीच म्हणणं नाही. (हे वाक्य तोंडातून निघाले आणि मला कळले की रुसलेली बाई नेमके हेच म्हणते.) नत्थुजी पांढरे पडले. गंगूबाईने सावरायचे म्हणून सांगितले, "आमी फक्त पाहाले आलो, तुमी कसं करता ते." ते आणखी पांढरे पडले. जमुना न बोलता त्यांच्याकडे टक लावून बघत राहिली, त्याने तर हद्दच झाली. मी खरे ते सांगायला गेले की आम्ही नाटक करतो आहोत, तर मागून एक म्हातारा म्हणाला, "नाटक करून राहिल्या हे त दिसूनच राह्यलं." तेवढ्यात आतून तबक आले, त्यात अंजिरी लुगडे. खरे सांगते, मी नको म्हणत होते, पण चार माणसे आपल्यापुढे वाकली की बरे वाटते. पुन्हा उठून उभे राहावे असे पायांना वाटत नाही. गंगूबाईचा हात तर तबकापर्यंत पोचला होता.

तिकडे खरी वरमाय, जाईबाई तिचे नाव, पंगतीच्या टोकाला मोठ्या पाटावर शांतपणे वरणभात कालवत होती. बिचारीच्या मनात रुसायचे काही नव्हते. तिने लुगडे आमच्याकडे जाताना पाहिले आणि हात धुतला. "वरमाय मी होय का ह्या होय? ह्या कोनाच्या कोन, अन् लुगडं यायले?" झाले. ती भिंतीकडे तोंड करून बसली, वराकडची सगळी पंगत उठली, वाढपी बुंदीची परात घेऊन मध्येच थांबले. रुसवा पाहायला गेलो होतो, तो आम्हीच घडवून आणला. नवरी आतल्या दारातून बघत होती. आपल्या सुभद्राच्याच वयाची. तिच्याकडे पाहून माझ्याने वही पुढे लिहवली नाही.

मी उठून जाईबाईकडे गेले. तिच्याभोवती माणसांचे कडे झाले होते, सगळे हात जोडून उभे. मला रीत काही सुचेना, आणि उभे राहून पायाला रग लागली, म्हणून मी तिच्या शेजारी खाली बसले. ती भिंतीकडेच बघत होती. मग तशीच म्हणाली, "तुमी जेवल्या काय?" मी म्हटले, नाही. "काहून? तुमच्यावर बी कोनी रुसलं काय?" मी म्हटले, हो, माघापासून. ती वळली. मी तिला आपली सगळी हकीकत सांगितली (तुमची स्तुतीच केली, गैरसमज नसावा). ऐकता ऐकता ती पदरात हसू लागली आणि म्हणाली, "बाई, खरं सांगू? वरमाय म्हनून मोठ्या पाटावर एकटीले बसोतेत. भोवती रांगोळी, अन् शेजारी कोनी नाई. सारे उभे राहून घास मोजतेत. जेवन जाते का असं?" मग वाढप्याला हाक मारली, "दोन पानं वाढ इथं. ही बाई जेवन त मी जेवीन."

विहीणबाई, लग्न झाल्यापासून मी सोमवार मोडलेला नाही. त्या दिवशी भर दुपारी बुंदीसकट मोडला. संध्याकाळी महादेवाला सांगितले की एक सोमवार वाढवून करते. तो काही म्हणाला नाही. लुगडे जाईबाईला गेले. गंगूबाई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, तेही सरांनी संशोधनात धरले.

सरांना सगळे सांगितले तेव्हा ते म्हणाले, नाटकाचा शेवट सापडला. मोठा पाट, भोवती रांगोळी, पाटावर वरमाय, सगळे गाव हात जोडून उभे. कोणी तिची समजूत घालत नाही. एक बाई येते, शेजारी साधा पाट टाकते आणि जेवायला बसते. पडदा. ती बाई मी आहे.

व्याहीबुवांना नमस्कार, जावईबापूंना आशीर्वाद. आमच्या घरच्यांचा दोघांना रामराम.

आपली,
इंदूबाई

ता. क. वरमाईचे काम करणार होती ती गंगूबाई, पण तिला गप्प बसणे साधत नाही. सरांनी विचारले, रुसवा ज्यांना मनापासून साधतो अशा कोणी तुमच्या ओळखीत आहेत का. मी तुमचे नाव सांगितले. नाटक आखाडीच्या आदल्या रविवारी आहे. पाठांतर काहीच नाही, कारण आमच्या नाटकात वरमाय शेवटपर्यंत बोलत नाही, नुसते भिंतीकडे तोंड करून बसायचे असते. तुम्हाला तालीमसुद्धा लागणार नाही.

ता. क. दुसरा. अंजनगावहून एकटीने प्रवास करू नये, गुडघा आहे. सुभद्राला सोबत आणावे. ती आलीच आहे तर आखाडी इथेच करील, आणि तुम्हीही राहाल. नाटकातल्या पानातले अन्न खरे असेल, पुरणपोळी मी घरून करून नेणार आहे.

ता. क. तिसरा, हा सुभद्रासाठी. बाळ, सासूबाईंना वाचून दाखवताना वर ते भिंतीकडे तोंड करण्याचे आणि तालमीचे वाक्य आले आहे, ते गाळून वाच. वाचून झाले असेल आणि त्या भिंतीकडे वळल्याच असतील, तर हात जोडून उभी राहू नकोस. शेजारी पाट टाकून बस.