भाड्याच्या गाडीची प्रार्थना

१३ एप्रिल, सोमवार

सकाळी नितीनचा फोन. चिरंजीव चोवीस तारखेला बंगळुरूहून येताहेत. सोबत सूनबाई शीतल आणि आमची नात आयरा. शाळेला सुट्टी लागली म्हणे.

सौ. लाटणं हातात धरूनच उभी राहिली. स्पीकर चालू होता. "घरी कधी येतोस रं?" एवढंच तिने विचारलं. मग खुलासा झाला. विमानाने शिर्डीला उतरणार, विमानतळावरून थेट पार्कात जाणार. पाण्यातल्या घसरगुंड्या, नकली लाटा, असलं काहीतरी. मुक्काम शिर्डीत हॉटेलवर. रविवारी परत विमान.

शिर्डीहून आमचं राहाता म्हणजे शेअर रिक्षात बसून सुट्टे काढेपर्यंत येतं. पण चिरंजिवांच्या बेतात राहाता नाही.

"तुम्ही दोघं पार्कात या ना पप्पा. तिथेच भेटू. रेस्टॉरंट छान आहे."

म्हणजे आपल्याच नातीला भेटायला तिकीट काढायचं. मनगटाला पट्टा बांधून घ्यायचा, म्हशीच्या कानाला बिल्ला मारतात तसा. सौ.चे गुडघे असे की चर्चच्या पायऱ्या चढतानासुद्धा माझा हात लागतो. ती नकली लाटा बघायला जाणार. वाहवा.

"बघू," म्हणालो. फोन ठेवला.

१५ एप्रिल, बुध.

नि.ने मोबाईलवर तक्ता पाठवला. दोन रकाने. एकात मोबाईलवरून बोलवायची कॅब, दुसऱ्यात स्वतः चालवायची भाड्याची गाडी. एसी, लहान मुलाची सीट, पार्किंग, थांबायची कटकट, प्रत्येकाला गुण दिलेले. खाली ओळ: "पप्पा, तुमचं मत?"

मत! जन्म एसटीत गेला. कोपरगाव स्टँडवर कंट्रोलर होतो. माझ्या खिडकीपुढे रोज अख्खा तालुका उभा राहायचा, कुणालाही तक्ता लागला नाही. मी एकच सांगायचो, गाडीचा रंग बघू नका, पाटी बघा. हा लहानपणी सुट्टीत माझ्या खिडकीत बसून हेच वाक्य ओरडायचा. पाशिंजर हसायचे. आता विमानतळ ते पार्क एवढ्याशा अंतराला याला रकाने पाडावे लागतात. इंजिनियर केला.

सगळा तक्ता वाचला. घर हा शब्द कुठल्याच रकान्यात नाही.

सौ.ला दाखवला नाही. ती कॉट उन्हात टाकून गादीला काठीने झोडपत होती. कोण येऊन झोपणार आहे तिच्यावर? विचारलं नाही.

१६ एप्रिल

शेजारचा भाऊसाहेब कठड्यावर येऊन बसला. त्याची बोलेरो शिर्डीच्या भाड्यांवर असते. बोलवावं लागत नाही, वास लागतो त्याला.

"काका, त्या मोबाईलच्या गाड्यांचं काय खरं न्हाई. दिसली तर दिसली, न्हाईतर तुमी आपले बॅगा घिऊन हुभे. मी जातो की आणायला. पैशे बी नकोत."

नि.ला कळवलं. "नको पप्पा! मागच्या वेळी त्याने वाटेत तीन माणसं घेतली होती."

खरं आहे ते. गावचं माणूस रस्त्यात उभं दिसलं तर भाऊसाहेब गाडी पुढे नेऊच शकत नाही. मागच्या खेपेला शीतलच्या मांडीवर कुणाची तरी मेथीची पेंडी आली होती. तेव्हापासून तीन वर्षं ही मंडळी फिरकलेली नाहीत. मेथीमुळे असं मी म्हणत नाही.

भाऊसाहेबाला सांगितलं, त्यांचं आधीच ठरलंय. "बरं," म्हणाला आणि चहा पिऊनच गेला.

१८ एप्रिल, शनि.

आज दाढी करताना डोक्यात उजेड पडला. तक्ता मी चुकीचा वाचत होतो.

कॅब केली तर ती पार्काच्या दारात सोडून निघून जाणार. मग हे लोक तिथेच अडकले. ऊन आहे, पोरगी दमलीय, पुढच्या वेळी नक्की येऊ. भाड्याची गाडी घेतली तर ती रविवारपर्यंत यांच्याच बुडाखाली राहणार. उभी करून ठेवायला जिवावर येईल. माणूस गाडी असली की कुठेतरी जातोच. राहाता जवळ आहे.

म्हणजे ज्या प्रकारावर मी सकाळपर्यंत थुंकत होतो, म्हणजे दुसऱ्याच्या गाडीचं चाक हातात धरून मालक असल्यासारखं मिरवायचं, त्याचीच आता मला वकिली करायची आहे.

केली. दुपारी फोन लावला. मोबाईलच्या गाड्यांबद्दल भाऊसाहेब बोलला त्यात माझी भर घातली. उन्हात उभं राहायला लागतं, पोरीला त्रास होईल. पोरीचं नाव काढल्यावर नि. गंभीर झाला. "पॉइंट आहे पप्पा."

घरी या, असं म्हणालो नाही. म्हणणारही नाही. स्वतःच्या पोराला स्वतःच्या घरी या म्हणून विनवणी करायची वेळ आली तर मग

सौ. आली. बंद.

२० एप्रिल

भाड्याची गाडी ठरली! कंपनीचा माणूस विमानतळावर आणून देणार. नि. म्हणतो, तक्त्यात तीच जास्त गुणांनी आली. असू दे, तक्त्याने निवडली.

आणि: "शनिवारी संध्याकाळी जमलं तर घरी चक्कर मारतो." जमलं तर. चक्कर. मी "ठीक" म्हणालो आणि बाहेर जाऊन उगाच नळाची तोटी घट्ट करून आलो.

सौ.ला सांगितलं, नितीन स्वतः गाडी चालवत येतोय. ती पदर खोचून उभी. "मंग पाळकसायबांना सांगाया पायजे."

आमच्याकडे ही रीत. घर, दुकान, विहिरीवरची मोटर, काहीही आलं की पाळकसाहेबांना बोलवायचं, प्रार्थना ठेवायची, वर गल्लीला जेवण. ठीक आहे. पण भाड्याच्या गाडीला?

"अगं, ती कंपनीची आहे. रविवारी परत द्यायचीय."

"आपण भाड्याच्या घरात ऱ्हायलो तवा प्रार्थना ठिवली हुती का न्हाई?"

ठेवली होती.

"मंग? आपल्या दारात आपलं लेकरू चारचाकी घिऊन पयल्यांदा येतंय. भाड्याची असंल न्हाईतर कुनाची."

तिला चौथीपर्यंत शिकवणाऱ्या मास्तरांचा मला राग आला.

२२ एप्रिल, बुध.

सौ. काल संध्याकाळी चर्चमध्ये सांगून आली. नितीन गाडी घेऊन येतोय, शनिवारी प्रार्थना आहे. बाकीचं तिने सांगितलं नाही आणि लोकांनी विचारलं नाही. प्रार्थना ठेवलीय म्हणजे नवीच असणार, असं प्रत्येकाने आपलं आपण ठरवून टाकलं.

सकाळी दूधवाला: "अभिनंदन काका, कुठली घेतली?" मेडिकलवाला: "पांढरी का?" ज्यांनी वर्षभर सलाम घातला नाही ते दोन्ही हातांनी सलाम घालताहेत. चार चाकांची किंमत ही. माणूस तोच, दाढीसुद्धा कालचीच.

नाही म्हणायला पाहिजे होतं. "पांढरीच," म्हणालो. रंग नि.ने कळवला होता, तेव्हा खोटं नाही. बरंही वाटलं. लिहून ठेवतो, उगाच सोवळेपणा नको.

नि.ला यातलं काही माहीत नाही. कळलं तर येणार नाही.

२४ एप्रिल, शुक्र.

उतरले. नि.ने फोटो पाठवले. नातीचे नव्हेत. गाडीचे. घ्यायच्या आधी प्रत्येक बाजूचा फोटो काढून ठेवावा लागतो म्हणे, ओरखडा आधीचा की नंतरचा यावरून भांडण होतं. लग्नाआधी शीतलचं घर बघायला गेलो तेव्हा याने एवढं निरखून पाहिलं नव्हतं.

आमच्या रस्त्याने सरळ शिर्डीकडे गेले असणार. फाट्यावर जाऊन उभं राहावं असं मनात आलं. दुकानात काम आहे असं सौ.ला सांगून गेलोही. पांढऱ्या गाड्या एवढ्या जातात की माणसाने काय बघावं. परत आलो.

दुपारी आयराचा फोटो. डोक्यावर प्लास्टिकचं बदक. सौ. फोन छातीशी धरून बसली. मग म्हणाली, "वाळलीय."

२५ एप्रिल, शनि.

आले.

क्रमाने लिहायचा प्रयत्न करतो. गल्लीच्या तोंडाशी गाडी दिसली तेव्हा आमच्या दारात लग्नाएवढी माणसं. नि.ने काच खाली केली. "पप्पा, कोण वारलं?"

पाळकसाहेब पुढे. बॉनेटवर हात ठेवला, चटका बसला, हात उचलला, परत ठेवला. "हे प्रभू, तू आपल्या लेकराच्या कष्टाला फळ दिलंस, हे वाहन त्याच्या पदरात टाकलंस." नि.चे डोळे मिटलेले, पण पापण्या फडफडत होत्या. शीतल माझ्याकडे बघत होती. मी चपलेकडे.

भाऊसाहेब गाडीच्या धंद्यातला. काळी नंबर प्लेट, पिवळी अक्षरं बघून त्याला कळायचं ते कळलं. माझ्या कानाशी आला. "काका, ही तर भाड्यानं चालवायला देत्यात ती." मी त्याचा दंड धरला. "आसू द्या," म्हणाला, "आनलाय तर फोडतो." तो पिशवीतून नारळ घेऊन आला होता. आमच्यात नारळ नसतो, पण शेजाऱ्याला कोण अडवणार? चाकापुढे दगड ठेवून असा आपटला की एक कवड उडून बंपरला. टक्. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नि. गुडघ्यावर बसून मोबाईलच्या उजेडात बंपर तपासू लागला. लोकांना वाटलं, पोरगं गाडीच्या पाया पडतंय.

मग पहिली फेरी. पहिली फेरी घरातल्या मोठ्या बाईची, हेही रीतीतच. सौ.ला पुढच्या सीटवर बसवलं. चढताना हात लागला नाही तिला. माझा नाही, कुणाचाच. आयराला मांडीवर घेतलं, कंपनीने दिलेल्या लहान मुलाच्या सीटची अब्रू गेली. चर्चपर्यंत गेले आणि आले. काच खाली करून सौ. दोन्हीकडच्या माणसांना मान लवत होती. मी तिला इतक्या वर्षांत अशी बघितलेली नाही. स्टँडवरच्या एवढ्या गाड्या माझ्या शिट्टीवर सुटायच्या, तिला मात्र मी कधी पुढच्या सीटवर बसवलं नाही. जाऊ दे.

उतरल्या उतरल्या आयराने गोंधळ केला. कुणीतरी गंमतीने विचारलं, "मला देशील का तुझी गाडी?" पोरगी खणखणीत: "ही आमची नाहीच आहे. उद्या परत द्यायची आहे."

वाढायला घेतलेली बिर्याणीची पळी तशीच वर राहिली. दूधवाल्याने माझ्याकडे पाहिलं, त्यात दोन्ही हातांचे सलाम परत घेतले.

पाळकसाहेब म्हणाले, "बाळा, आपलं काय आहे इथं? सगळंच परत द्यायचं आहे." लोक "आमेन" म्हणाले आणि पंगतीला बसले. पाळकांना अशा वेळी बरं सुचतं. भूकही लागली असावी.

नि. मला मागच्या अंगणात घेऊन गेला. "पप्पा, तुम्ही लोकांना सांगितलं का नाही? माझी केवढी शोभा." मी म्हणालो, आईची इच्छा होती. तो म्हणाला, "आईची होती, आणि तुमची?"

पंगतीत पाणी वाढायचंय, म्हणालो आणि आत निघालो.

आयरा सौ.ने झोडपलेल्या गादीवर उड्या मारत होती. इथेच झोपायचं म्हणून रडली. हॉटेलचे पैसे भरलेत, शीतल म्हणाली. तेवढंच बोलली ती सबंध संध्याकाळी. गेले.

२६ एप्रिल, रवि.

चर्चला गेलो नाही. पोट बरं नाही असं सांगितलं.

सौ. जाऊन आली. म्हणते कुणी काही बोललं नाही, उलट दोघींनी विचारलं की गाडीत बसल्यावर गुडघे दुखले का. "न्हाई म्हणलं." आणि हसली. लाज नावाचा प्रकार हिला देवाने दिलाच नाही. मला हिचाही वाटा दिला.

दुपारी नि.चा फोटो. बंपर. नखाएवढा ओरखडा, भोवती लाल गोल काढलेला. शब्द नाही.

२८ एप्रिल

नि.चा मेसेज. ओरखड्यावरून कंपनीने कटकट केली, मिटलं. खाली: "नाताळात यायचा विचार आहे. आयरा पार्क पार्क करतेय. पुढच्या वेळी सरळ कॅबच करू."

कॅब म्हणजे काय ते मला कळतं. मीच शोधून काढलं होतं.

सौ. कॉट उचलू देत नाही. पोरगी परत येईल म्हणते. ती अडगळ दारातच. येता-जाता माझी नडगी आपटते.

३० एप्रिल, गुरु.

दोन दिवस मोबाईल हातात घेतो, ठेवतो. बोटांनी लिहायचं म्हणजे वैताग, चष्मा लावला तरी अक्षरं घसरतात. शेवटी लिहिलं:

"गाडी कुठलीही कर. पाटी राहाता लाव."

पाठवलं. दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या. म्हणजे वाचलं. खिडकीत बसून ओरडायचा तो, कळेल त्याला. न कळायला काय झालं.

संध्याकाळ झाली, उत्तर नाही. सौ.ला यातलं काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर आत्ता उठून पाळकसाहेबांकडे जाईल, कॅबसाठी प्रार्थना ठेवायला.