सात हजार दोनशे किलोमीटर आणि एक तास

१२ ऑक्टोबर, सोमवार
आईचं मुंबई-हीथ्रो तिकीट काढलं. रविवार, २५ तारीख. बाबा गेल्यानंतरचा पहिला प्रवास, तोही एकटीने. फोनवर म्हणाली, बाकी काही नको, बाहेर आले की समोर तू दिस. शब्द दिला.

१४ ऑक्टोबर
लंचमध्ये हिशेब केला. हवाई अंतर ७,२०० किमी. इकडे येताना वारा समोरून. म्हणजे दहा तास. तिकिटावर सकाळी ७ ला सुटून ११.३० ला पोचणार असं छापलंय. भारताशी आपला फरक साडेचार तासांचा, म्हणजे प्रवास नऊच तासांचा झाला. अशक्य. गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून तास कापलाय. खरी वेळ १२.३०.
मंजिरीला एक्सेल दाखवली. ती म्हणाली, तिकिटावरची वेळ धर. बायको गुणी आहे, पण गणिताच्या वाटेला जात नाही. हॉस्पिटलात औषधांचे डोस काढते, ते वेगळं.

१९ ऑक्टोबर
मंजिरीने परस्पर आईसाठी व्हीलचेअर सांगितली. सगळ्यांच्या आया तशाच येतात म्हणे, इमिग्रेशनला रांग लागत नाही. चिडलो. आई अजून रोज पर्वती चढते. शिवाय एक्सेलमध्ये रांगेचा एक तास धरलाय. तो तसाच ठेवला.

२४ ऑक्टोबर
आईने तिसऱ्यांदा विचारलं, नक्की येशील ना. जरा दुखावलो. तिच्या फोनला रोमिंग घ्यायचं मंजिरी म्हणत होती. गरज काय? दारात मी असणार. शर्टाला इस्त्री केली.

२५ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ९.००
झोप भरपूर झाली. फोनमध्ये नऊ, ओव्हनच्या घड्याळात दहा. ओव्हन बिघडला. मंजिरी पहाटेच ड्यूटीवर गेली, नाहीतर विचारलं असतं.

दुपारी १२.३०
वॉटफर्डहून निघतोय. गाडीचं घड्याळ दीड दाखवतंय. एकाच दिवशी दोन घड्याळं. गॅरेजला दाखवायला हवं.

१.२५
टर्मिनल. ठरल्यापेक्षा पाच मिनिटं आधी. असं नियोजन सगळ्यांना जमत नाही.

संध्याकाळी ५.००
आई बारा वाजून पाच मिनिटांनी बाहेर आली होती. दाराशी व्हीलचेअरवर, मांडीवर पर्स घट्ट धरून बसलेली. शेजारी हाउन्सलोच्या नीनाबेन, व्हीलचेअर ढकलणाऱ्या. घरचं माणूस आल्याशिवाय सोडून कशी जाऊ म्हणाल्या.
आईला विचारलं, विमान लवकर आलं का. नाही म्हणाली, अगदी वेळेवर. आजपासून लंडनची घड्याळं तासाने मागे, असं विमानात सांगितलं, तिने लगेच मनगटावरचं लावून घेतलं. मी दहा वर्षं इथे राहतो. दर ऑक्टोबरला हे होतं. म्हणजे आज फरक साडेपाच तासांचा, प्रवास बरोबर दहा तासांचा, तिकीट खरं.
एवढा वेळ काय करत होतीस, ते विचारायचं धाडस झालं नाही. नीनाबेननी आपणहून सांगितलं. दार उघडलं की आई उठून उभी राहायची. प्रत्येक वेळी. आणि बसताना सांगायची, मुलगा हिशेबाला फार पक्का आहे, माझीच काहीतरी चूक झाली असेल.

घरी आल्यावर आईने चहा टाकला आणि मला विचारून ओव्हनचं घड्याळ नीट लावलं. मी म्हटलं, उद्या करणारच होतो. ती हो म्हणाली.