नेजी क्लबची चाळीस वर्षं

५ ऑक्टोबर २०१४, रविवार

हरलो. ०–४. नदीकाठच्या मैदानावर असा वारा, की कोपऱ्यातले झेंडे आडवे!

सामना संपल्यावर ओनोदेरा-सान आले. आमचे अध्यक्ष, क्लब काढणाऱ्यांपैकी आता एकटेच उरलेले. "मोरी-सान, क्लबला चाळीस वर्षं झाली. पुस्तिका काढू या. इतिहास तुम्ही लिहा." मी? सदाशिव पेठेतली सुप्रभा जपानी फुटबॉल क्लबचा इतिहास लिहिणार, तोही जपानीत? तर म्हणाले, "सगळ्या वह्या तुमच्याकडेच आहेत." तेही खरंच. सोळा वर्षं चिटणीस आहे.

मग हळूच म्हणाले, "यंदा लीगच्या तिसऱ्या विभागात घसरलो, तर मात्र क्लब बंद करू. चाळीस वर्षं पुरेत." केंजी शेजारी बसून बुटांच्या नाड्या सोडत होता. माझा नवरा तीस वर्षं या क्लबचा लेफ्ट बॅक आहे. त्याने मान वर केली नाही.

११ ऑक्टोबर

सतरा वह्या! टेबलावर जेवायला जागा उरली नाही.

नेजी म्हणजे स्क्रू. स्क्रूच्या कारखान्यातल्या कामगारांनी १९७४मध्ये हा क्लब काढला. कारखाना कधीच बंद पडला, क्लब अजून खेळतोय. एवढं एक वाक्य लिहिलं आणि काय अभिमान वाटला!

ओनोदेरा-सानांनी प्रत्येक पराभवापुढे कारण लिहून ठेवलंय. १९८३ — ०–१४. कारण: वारा. चौदा गोल, आणि म्हणे वारा! एकटीच हसत बसले.

चाळीस वर्षांत एकही करंडक नाही. पण माणसं कमी पडली म्हणून सामना सोडून दिला, असंही एकदा नाही. सगळ्या वह्या पुन्हा चाळून खात्री केली. एकदाही नाही!

१९ ऑक्टोबर

आज २०११चं प्रकरण. भूकंप झाला तेव्हा संघात टोकियोतल्या निशी-कसाई वस्तीतले आठ भारतीय होते. पंधरा दिवसांत सात जण परत गेले. नावं कुणाला ठेवायची? घरून रडारडीचे फोन, कंपन्यांनी हातात तिकिटं ठेवलेली. राहिला एकटा चारुदत्त. पहिला सामना नऊ जण घेऊन खेळलो. ०–७. पण खेळलो.

आमचे रेफ्री एन्दो-सानही म्हाताऱ्या आईवडिलांसाठी भूकंपाचा तडाखा बसलेल्या मियागीला गेले ते तिकडचेच झाले. लीगचा नियम साधा आहे — प्रत्येक क्लबने दुसऱ्यांच्या सामन्यांसाठी आपला एक रेफ्री द्यायचा. रेफ्री नाही, तर क्लबला प्रवेश नाही. सभेत प्रत्येक जण शेजाऱ्याचं नाव सुचवत होता. शेवटी मीच हात वर केला. एकोणपन्नासाव्या वर्षी नियमांचं पुस्तक पाठ केलं, रोज सकाळी नदीकाठी पळाले. आई पुण्याहून फोनवर म्हणाली, "या वयात चड्डी घालून पुरुषांच्यात पळणार तू?" पळाले!

पुस्तिकेत स्वतःबद्दल एकच ओळ लिहिली होती. मग दोन केल्या. उगाच कशाला लाजायचं?

२ नोव्हेंबर

जिंकलो! २–१! दोन्ही गोल चारुदत्तचे. घसा बसलाय.

२३ नोव्हेंबर

आमचा शेवटचा सामना, १–१. आमचे गुण अकरा. आमच्या खाली कामोमे क्लब, नऊ गुणांवर. त्यांचा एक सामना बाकी आहे, पुढच्या रविवारी हिनोदे क्लबशी. कामोमे जिंकले तर आम्ही घसरलो. नाही जिंकले तर वाचलो.

आणि त्या सामन्याला रेफ्री कोण? मी! एप्रिलमध्ये चिठ्ठ्या टाकून वर्षभराचं वेळापत्रक लावतात. तेव्हा कुणाच्या डोक्यात येणार होतं हे?

२५ नोव्हेंबर

लीगला फोन केला. दुसरं कुणी द्या म्हटलं. त्यांनी दोन्ही कप्तानांना विचारलं. तासाभरात निरोप आला — मोरी-सान असतील तर आमची काहीच हरकत नाही, दोघंही म्हणाले. छाती फुगली. आणि लगेच नियमांचं पुस्तक काढून बसले.

चारुदत्तचा मेसेज: "सुप्रभाताई, रविवारी शिट्टी जरा जपून हं!" गंमतच असेल. आवडली नाही.

३० नोव्हेंबर

चार मिनिटं उरली होती. ०–०. वर बंधाऱ्यावर आमचा अख्खा क्लब रांगेत उभा.

कामोमेचा कॉर्नर आला. गर्दीत हिनोदेच्या पाच नंबरने हात उचलून चेंडू बाहेर ढकलला. चांगला बोटांनी! लाइनवाल्याच्या डोळ्यावर ऊन. कामोमेच्या एकानेही दाद मागितली नाही. कुणी पाहिलंच नव्हतं. मी पाहिलं.

इथे कोण वाचतंय, खोटं कशाला लिहू? एक क्षण थांबले. केंजीच आला डोळ्यांसमोर, नाड्या सोडत बसलेला. मग वाटलं, आता गप्प बसले तर त्या सतरा वह्यांना परत हात कोणत्या तोंडाने लावू? शिट्टी वाजवली. पेनल्टी. गोल. पाच नंबरवाल्याने हुज्जत घातली नाही, कमरेत वाकला आणि मागे सरला. कामोमे १–०ने जिंकले, आम्ही तिसऱ्या विभागात.

केंजी सायकलींपाशी थांबला होता.
"हात होता?"
"होता."
"मग झालं."
पण घरापर्यंत सायकल पुढेच ठेवली त्याने. मी मागे रडत. तीस वर्षं आहेत त्याची तिथे, आणि मी ती एका शिट्टीने संपवली. निर्णय बरोबर होता. शंभरदा विचारा, बरोबरच होता!

१ डिसेंबर

ओनोदेरा-सानांचा फोन नाही.

६ डिसेंबर

निशी-कसाईच्या भारतीय दुकानात चारुदत्त भेटला. माझ्या हातात पोह्यांची पिशवी, त्याच्या हातात तूरडाळ.
"ताई, कुणी मागितलीसुद्धा नव्हती हो पेनल्टी."
"मागितल्यावर द्यायची असते होय रे?"
स्टेशनपर्यंत माझ्याबरोबर चालत आला. जिन्यापाशी म्हणाला, "मला वरून दिसलं होतं. तुम्हाला दिसलं नसू दे, म्हणून देवाचा धावा करत होतो." मग कान पकडले. एवढा बाप्या माणूस, भर रस्त्यात! मलाच कसंतरी झालं.

घरी येऊन इतिहासाचं शेवटचं प्रकरण पुरं केलं. उद्या ओनोदेरा-सानांकडे पाठवते.

१४ डिसेंबर

वार्षिक सभा. बंद करण्याचा विषय पत्रिकेत होता. ओनोदेरा-सानांनी तो वाचलाच नाही. म्हणाले, "तिसऱ्या विभागातही रेफ्री द्यावा लागतो," आणि माझ्यापुढे रेफ्रीच्या परीक्षेचे अर्ज ठेवले. भरलेले, सह्या केलेले. एकोणीस! अख्खा क्लब. वरचा केंजीचा, त्याखाली चारुदत्तचा. सगळ्यात शेवटचा त्यांचा स्वतःचा — वय एकाहत्तर.