दुकानापाशी थांबणारे बाबा

आईस, दोन्ही हात जोडून नमस्कार.

बाबांचं ऑपरेशन नीट झालं. सर्जनबाईंनी मांडीतली रक्तवाहिनी उघडून आत चुन्यासारखा घट्ट बसलेला थर खरवडून काढला. पाऊल आता कोमट लागतं. करंगळी तेवढी काळी आहे, वाचेल म्हणतात. तू काळजी करू नकोस.

आज मी ऐटीत बाईंना सांगितलं, "आमचे बाबा दर दुकानापाशी थांबतात, घेत मात्र काडीही नाहीत!"

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "पोटऱ्या भरून येत असतील, म्हणून थांबत असतील."

मी बाबांकडे बघितलं. ते चादर सारखी करत म्हणाले, "तुझ्या बोलण्यावर सगळे इतके हसायचे गं, मध्येच कुठे सांगू?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तुझे गुडघे कसे आहेत? खरं कळव. या वेळी विनोद करणार नाही.

तुझी तोंडाळ थोरली