डाळीचं पाणी

माय, वरवटच्या आपल्या घरात पाण्याचे दोन रांजण होते, आणि त्यातल्या एकात तांब्या बुडवला म्हणून तू मला एकदा फाडकन मारलं होतंस. त्यात नदीच्या वाळूत खणलेल्या झिऱ्याचं गोडं पाणी असे, डोक्यावरून आणलेलं. आपल्या विहिरीच्या खाऱ्या पाण्यात तूर कितीही उकळली तरी शिजत नसे, म्हणून गोडं पाणी डाळीला आणि पाहुण्यांना. "ते डाळीचं पाणी हाये व! तुले प्याले विहीर हाये ना," तू ओरडतेस, आणि मी गाल चोळत विहिरीचं पाणी पिते. साऱ्या गावाची हीच रीत. डाळीला जपलं, स्वतःच्या पोटाचा विचार कुणाच्या मनाला शिवला नाही. उलट खाऱ्या पाण्यानं हाडं घट्ट होतात, असं तू ठासून सांगायचीस.

माझा नातू आता कॉलेजात शिकतो. परवा म्हणाला, "आजी, पाण्यात थोडे क्षार लागतातच, हाडांना, दातांना." म्हणजे तुझं निम्मं खरं होतं. पण तेच क्षार प्रमाणाबाहेर, जन्मभर पोटात गेले की मूत्रपिंडं थकतात, असं तो पुढे सांगू लागला तेव्हा मी उठून आत गेले.

तुझे पाय सुजले, मग तोंड सुजलं, तेव्हा मी तुला घाटाखालच्या वरवटहून वर घाटावर, अमडापूरला माझ्या सासरी आणलं. नागपूरकडून बदली होऊन आलेले सरकारी डॉक्टर म्हणाले, मीठ बंद, पाणी गोडंच द्या. इथली विहीर गोडी. पण तू घोट घेऊन थुंकायचीस. "याले चवच नाही व. घशाखाली उतरत नाही. आपल्या विहिरीचं आण." दोन दिवस तुझे ओठ कोरडे. मला राग आला, तुझा, डॉक्टरांचा, त्या विहिरीचा. तिसऱ्या दिवशी मी तांब्यात चिमूटभर मीठ टाकलं, ढवळलं आणि म्हटलं, "माय, घाटाखालून बाजाराले गाडी आली होती. आपलं पाणी धाडलं त्यायनं."

तू तांब्या रिकामा केलास. माझ्याकडे पाहून म्हणालीस, "हाव. आपल्याच विहिरीचं हाये." पाच दिवस मी तसंच पाणी दिलं. सहाव्या दिवशी तू गेलीस. डॉक्टरांनी विचारलं, मीठ दिलं होतं का? मी नाही म्हणाले.

आपल्या विहिरीचं पाणी नुसतं खारट नव्हतं, मागून जिभेवर कडू चढायचं. मिठाच्या पाण्याला तो कडूपणा नसतो. चाळीस वर्षं ते पाणी प्यालेल्या बाईला एवढं कळलं नसेल? पहिल्याच घोटाला कळलं असणार, आणि माझं मन राखायला तू तांब्या संपवलास. हा कागद मी डाळीच्या डब्याखाली ठेवते आहे, तिथे कुणी हात घालत नाही. एकच सांगायचं राहिलं. तू ते पाणी प्यालीस तेव्हा मला फार बरं वाटलं होतं, आणि अजूनही ते आठवलं की आधी बरंच वाटतं.