घड्याळवाले राष्ट्राध्यक्ष

कोल्टर्स मिल, ओहायो
२९ जून १९५४

प्रिय ऑगस्टा,

तू, हार्वे आणि तुमच्या कोंबड्या सगळे खुशाल असाल अशी आशा आहे. हार्वेच्या गुडघ्याला नेब्रास्काची कोरडी हवा मानवली का, ते कळव. इथे आम्ही ठीक. आईची प्रकृती तिच्या वयाच्या मानाने उत्तम, दुकान चालू आहे, खिळे-मोळे विकले जाताहेत, आणि मी रागाने फुटायच्या बेतात आहे. सोबतचा बिल्ला आधी नीट बघ आणि मग पुढे वाच. चहा वगैरे घेत असशील तर कप खाली ठेव.

बघितलास? आता सांगतो. राष्ट्राध्यक्ष दिनाची मिरवणूक तुला आठवतच असेल. (राष्ट्राध्यक्षांनी, अजून ते कोणीच नव्हते तेव्हा, आपल्या गावातल्या दुकानात अकरा महिने पीठ-मीठ विकलं, आणि त्या अकरा महिन्यांवर हे गाव आजतागायत मिशीला पीळ देतंय.) गेली सव्वीस वर्षं त्या मिरवणुकीत राष्ट्राध्यक्ष कोण होतं? मी. काळा कोट कोणाच्या कपाटात होता? माझ्या. आणि दाढी कोणाची होती? गोंदाने चिकटवलेली नव्हे, घरची, बारमाही, जूनच्या उन्हात खाजणारी? माझीच. ह्या दाढीपायी मी सव्वीस उन्हाळे सूप गाळून प्यालो आहे.

तर मे महिन्यात समितीची सभा भरली. मिसेस प्रूएट अध्यक्ष. (तुझ्या वर्गातली लव्हिनिया. तेव्हा ती इतरांच्या पाटीवरून गणितं उतरवायची, आता इतरांच्या पाटीवर स्वतःची उतरवते.) तिने सांगितलं की राष्ट्राध्यक्ष सहा फूट एक इंच होते, आणि मी पाच फूट सहा इंच असून पुढच्या बाजूने वाढतो आहे. म्हणून यंदापासून डॉक्टर व्हाइटसाइडनी राष्ट्राध्यक्ष व्हावं. हा व्हाइटसाइड म्हणजे दातांचा डॉक्टर, गावात येऊन तीन वर्षं झालेला. त्याच्याकडे उंची आहे आणि उघडी मोटार आहे. ठराव मांडला, अनुमोदन मिळालं, पाच विरुद्ध दोन मतांनी पास. विरोधात एक मत माझं आणि दुसरं पाद्रीबुवांचं, पण ते प्रत्येकच ठरावाच्या विरोधात हात वर करतात. मग माझ्या सव्वीस वर्षांच्या सेवेबद्दल आभाराचा ठराव आला. तो पाद्रीबुवा वगळता एकमताने पास झाला. मीसुद्धा हात वर केला, ऑगस्टा. सवयीने. ह्याची मला अजून लाज वाटते.

घरी आलो, वस्तरा घेतला आणि दाढी उतरवली. राष्ट्राध्यक्ष नाही तर दाढी कशाला? आत हनुवटी सापडली, ती वडिलांची निघाली.

त्याच सभेत बिल्ल्याचंही ठरलं होतं. दरवर्षी नुसतं नाव आणि तारीख असते, पण यंदा मिसेस प्रूएटना 'जीवन आणि कारकीर्द' हवी होती. बिल्ला केवढा, तर बिस्किटाएवढा. त्यावर जन्माची झोपडी हवी असं एक म्हणाला, तर युद्धातली तलवार नको का, असं दुसरा. प्रत्येक दुरुस्ती पास झाली, कारण आपल्या गावात दुसऱ्याची दुरुस्ती पाडली तर तो आपली पाडतो. तेव्हा कडेने झोपडी, खेचर, तलवार, राजधानीचा घुमट, शोकाची काळी फीत, आणि मध्ये उरलेल्या जागेत राष्ट्राध्यक्ष, दुकानाच्या फळीमागे, हातात पिठाचा डाव. हे चित्र वाचनालयातल्या 'राष्ट्राध्यक्ष, दुकानात' असं लिहिलेल्या पाकिटातून काढून मिसेस प्रूएटनी स्वतः कारखान्यात पाठवलं. दोन हजार बिल्ले आले. मी पेटी उघडली (माल माझ्याच दुकानात उतरतो) आणि दोन हजार वेळा स्वतःकडे बघितलं.

तो मी आहे, ऑगस्टा! सन अडतीसच्या मिरवणुकीत गाडीवर दुकान मांडलं होतं, तिथला हा फोटो. अजून पटत नसेल तर चष्मा लावून डाव धरलेल्या हाताच्या मनगटाकडे बघ. तू लग्न होऊन नेब्रास्काला जाताना मला दिलेलं घड्याळ. आपले राष्ट्राध्यक्ष वारले तेव्हा मनगटावर घड्याळ बांधणारा माणूस ओहायोत जन्माला यायचा होता.

मी तडक समितीपुढे गेलो. म्हटलं, ज्याला तुम्ही काढून टाकलं त्यालाच तुम्ही छातीवर लावून हिंडणार आहात, निदान तसं कबूल तरी करा. सगळ्यांनी बिल्ल्याकडे बघितलं, मग माझ्या गुळगुळीत तोंडाकडे, मग पुन्हा बिल्ल्याकडे. व्हाइटसाइड म्हणाला की जबड्यावरून तरी मेळ बसत नाही. (दाढीखालचा जबडा ह्याला कुठून दिसला?) मी घड्याळ दाखवलं. मिसेस प्रूएटने भिंग मागवलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "ॲम्ब्रोज, ही जखमेची पट्टी आहे."

तसा ठराव मांडला गेला. अनुमोदन मिळालं. चार विरुद्ध तीन मतांनी ते घड्याळ आता जखमेची पट्टी आहे आणि इतिवृत्तात तशी नोंद आहे. एवढ्यावर थांबले असते तरी मी गिळलं असतं. पण मिरवणुकीच्या दिवशी व्हाइटसाइडने मोटारीत उभं राहून भाषण ठोकलं, की तरुण राष्ट्राध्यक्षांनी ह्याच गावात, धान्याच्या कोठारात पडलेल्या एका विधवेच्या गाईला ओढून काढताना मनगट कसं फाडून घेतलं. बायका रडल्या. पुढच्या वर्षी गाईसाठी दगड बसवायचं घाटतंय. वर्गणीची यादी घेऊन माझ्याच दुकानात आले होते.

आणि आता मुख्य पुरावा. मिरवणुकीनंतर मिसेस प्रूएट आणि समितीच्या बायका सगळ्यांत म्हाताऱ्या रहिवाशांना बिल्ला लावत घरोघर फिरल्या. आई ओसरीवर खुर्चीत होती. मिसेस प्रूएट वाकली, बिल्ला टोचला, आणि आईने तो मुठीत धरून डोळ्यांजवळ नेला. मग स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हा माझा ॲम्ब्रोज. त्याला घरी पाठवा गं, जेवण थंड होतंय."

अख्ख्या गावात एका माणसाने खरं सांगितलं. आणि त्या हसल्या, ऑगस्टा. वाईट हेतूने नव्हे, म्हाताऱ्या माणसाला हसतात तशा, पाठीवर हात ठेवून. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. त्यावर मी काही बोललो आणि आई काही बोलली, पण ते इथे महत्त्वाचं नाही.

तर माझी विनंती एवढीच. तू मिसेस प्रूएटला खरमरीत पत्र लिही, की घड्याळ तू दिलंस, कुठून घेतलंस, पट्टा कोणत्या रंगाचा होता. जमल्यास तिथल्या वकिलाचा शिक्का मार. मला कोट परत नको, मोटार नको. समितीने एवढंच लिहून द्यावं की हा ॲम्ब्रोज टटल आहे.

हार्वेला नमस्कार सांग. कोंबड्यांना सांगितलास तरी चालेल, त्या ठराव तरी करत नाहीत.

तुझा संतापलेला भाऊ,
ॲम्ब्रोज

ता. क. मिसेस प्रूएटला पत्र लिहू नकोस. तो वेळ बॅग भरण्यात घाल. आईची प्रकृती उत्तम असं वर लिहिलं ते खरं नाही. ओसरीवर मी म्हटलं होतं, "आई, मी इथेच आहे." तिने माझ्याकडे बघितलं आणि अगदी सभ्यपणे म्हणाली, "आम्हाला विमा नको आहे. मुलगा आला की त्याच्याशी बोला." दाढी उतरवल्यापासून हे असंच चाललंय. ती मला विम्याचा माणूस समजते. मी चमचा पुढे केला की तोंड मिटून घेते, कारण परक्याकडून खायचं नसतं आणि मुलगा जेवायला यायचा आहे. आतापर्यंत शेजारीण येऊन भरवत होती, ती सोमवारी लेकीकडे चालली. कोट समितीने काढून घेतला, पण दाढी मी माझ्या हाताने टाकली, तेव्हा ह्यात लव्हिनियाचा दोष काढता येत नाही. मी काढून बघितला. न्हावी म्हणतो, ओळख पटण्याइतकी दाढी यायला सप्टेंबर उजाडेल. तोवर दोन महिने ये. तुला ती ओळखेल, तुझं तोंड कधीच बदललं नाही.

ता. ता. क. आलीस की जेवणाच्या टेबलावर साखरेच्या भांड्याला टेकवून एक बिल्ला ठेवलेला दिसेल. तो हलवू नकोस. तो समोर असला की ती चार घास घेते. आज सकाळी मी कॉफी दिली तर तिने माझ्या गालावरचे खुंट निरखून बघितले आणि म्हणाली, "तुम्ही दाढी वाढवा हो. माझ्या मुलाला फार शोभते."