भिंतीवरचं माझं कोपर

प्रिय ताई,

तुझ्या काढ्याच्या साठ पाकिटांनी माझा फ्रीज बळकावला आहे, याचा मी जाहीर निषेध नोंदवतो. किमचीचा, म्हणजे आंबवलेल्या कोबीचा, डबा बाल्कनीत निर्वासितासारखा बसलाय. बायको म्हणते, "जागा काढ्याची असेल तर जेवायलाही त्यालाच वाढायला सांगा."

तीन वर्षांपूर्वी सोरायसिसने माझी कोपरं खवल्यांची झाली. मी सार्वजनिक हमामात उतरलो की हौदातले म्हातारे "आज पाणी फारच गरम बुवा" म्हणत बाहेर पडायचे. तेव्हा तू मला जेचॉनला तुझ्या दवाखान्यात बोलावलंस, नाडी पाहिलीस, सुया टोचल्यास. डुकराचं मांस, सोजूची दारू सगळं बंद केलंस. "हॉस्पिटलचं मलम लावतोस का रे?" विचारलंस. मी म्हणालो, "छे!" इकडे तेजॉनच्या त्वचातज्ज्ञांनी विचारलं, "जडीबुटीचा काढा घेता?" त्यांनाही, "छे!" आपल्याकडची रीतच ती: दोन डॉक्टर आणि दोघांपुढे साळसूद चेहरा.

कोपरं सुधारली. तू त्यांचा फोटो दवाखान्याच्या भिंतीवर लावलास, खाली लिहिलंस 'केवळ काढ्याने'. तुझा आनंद मला मोडवेना. शिवाय फोटो बरा आला होता.

मग एप्रिलच्या रक्ततपासणीत यकृताचे आकडे वाढलेले निघाले आणि मला तोंड उघडावं लागलं. त्वचेचे डॉक्टर काढ्यावर नाही, माझ्यावर चिडले. "मी काय पोलीस आहे? काय पिता ते कळलं तर लक्ष तरी ठेवता येईल!" सध्या काढा त्यांनी थांबवलाय, म्हणून पाकिटं साठलीत.

काल आईचा फोन आला. तुझ्या सोलबीने इसबावरचं मलम बंद केलंय. म्हणते, मामा काढ्यावर बरा झाला, मीही होईन. खाजवून खाजवून पोरीच्या उशीवर रक्ताचे डाग पडतात. ताई, म्हणून हे पत्र. मलम मी तीनही वर्षं लावलं, हॉस्पिटलात अतिनील किरणांच्या दिव्याखाली उपचारासाठी उभाही राहिलो. कशाने किती गुण आला, ते मला सांगता येणार नाही, तुलाही नाही. तो फोटो उतरव. काढ्यात काय काय घालतेस त्याची यादी कर. गुरुवारी अकराला डॉक्टरांनी सोलबीला बोलावलंय, आणि तुलाही. बुधवारी मी न्यायला येतोय. नाही म्हणू नकोस, मी ऐकणार नाही. रागवायला गाडीत भरपूर वेळ मिळेल.

सोलबीला मी आज सकाळीच फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मामा, खोटारडा आहेस तू."

"हो," म्हटलं.

तुझाच,
दुक-चोल